३.०७ वरून ४.१०: ३१ इंची टायर घातलेल्या मॅन्युअल पिकअपचा प्रकरण अभ्यास

गाडी घेऊ १९९० सालची जीप कोमांची. चार लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन, एएक्स-१५ हा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, एनपी-२३१ ट्रान्सफर केस (दोन की चार चाकांना ओढ द्यायची ते ठरवणारा बॉक्स), पुढे डाना ३० आणि मागे डाना ३५ एक्सल. मूळ टायर २२५/७५ आर १५, दोन्ही एक्सलचा रेशो ३.०७, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ३.०७ फेरे. आता सस्पेन्शन तीन इंच उचलून ३१×१०.५० आर १५ टायर चढवले आहेत. तक्रारी नेहमीच्याच. चढावर गाडी सोडताना अर्ध्या क्लचवर फार वेळ राहावे लागते आणि वास येतो. पाचवा गिअर सपाट रस्त्यापुरताच उरला आहे, जरा चढ लागला की चौथ्यावर यावे लागते. स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही.

याच इंजिनाच्या ऑटोमॅटिक गाडीला कंपनीने ३.५५ चा एक्सल दिला होता. मॅन्युअलला ३.०७ दिला, कारण एएक्स-१५ चा पहिला गिअर ३.८३ आहे, ऑटोमॅटिकचा जेमतेम २.८० आहे. मूळ टायरवर ते गणित बसत होते. म्हणजे मॅन्युअल गाडी मुळातच लांब (लहान आकड्याच्या रेशोचा) एक्सल घेऊन आली आणि टायरने तो आणखी लांब केला. ऑटोमॅटिकमध्ये अशी चूक टॉर्क कन्व्हर्टर काही प्रमाणात झाकतो, कारण तो तेलात घसरतो आणि ती उष्णता कूलरमधून बाहेर जाते. मॅन्युअलमध्ये घसरायला एकच गोष्ट असते, क्लच प्लेट. त्यामुळे मॅन्युअल गाडीचा रेशो ठरवताना हायवेचे आरपीएम नंतर पाहावे; आधी पहिला गिअर पाहावा.

आता आकडे. २२५/७५ आर १५ चा व्यास ७१८.५ मिलिमीटर, म्हणजे २८.३ इंच. ३१ इंच म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ९.६ टक्के. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हवेत उचललेल्या टायरचा असतो. गाडीखाली दबल्यावर तो सुमारे तीन टक्के कमी धावतो, ३१ चा टायर जमिनीवर ३० सारखा वागतो. खात्री करायची असेल तर हवा नेहमीच्या दाबावर ठेवा, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी एक पूर्ण फेरा सरळ ढकला, दोन खुणांतले अंतर मोजा आणि ३.१४१६ ने भागा. जुना आणि नवा टायर एकाच पद्धतीने मोजला की तुलना चुकत नाही. इथे दोन्हीकडे छापील माप धरले आहे.

पहिल्या गिअरमध्ये १००० आरपीएमला गाडी किती वेगाने धावते, हा मॅन्युअलसाठी कामाचा आकडा. मूळ टायरवर तो ताशी ११.५ किलोमीटर होता. ३१ इंची टायरवर, रेशो न बदलता, तो १२.६ झाला. फरक किरकोळ वाटतो, पण क्लच पूर्ण जुळेपर्यंत प्लेटमध्ये जी उष्णता निर्माण होते ती जुळण्याच्या वेळच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सपाट रस्त्यावर, त्याच आरपीएमला सोडल्यास, दर वेळी २० टक्के जास्त. चढावर आणि मागे वजन असताना याहून अधिक, कारण तिथे गाडी वेग घेईपर्यंत प्लेट जास्त सेकंद घसरते. टायर स्वतः जड झाले, ते वेगळेच.

पाचवा गिअर ०.७९ चा. ताशी १०० ला मूळ टायरवर इंजिन १७९० आरपीएमला होते, आता १६३४ ला. ताशी ८० ला १३०० च्या आसपास. तिथे हे इंजिन ओढत नाही, गुदमरते, आणि अर्धा थ्रॉटल दिला की नॉकिंग ऐकू येते. पेट्रोल वाचावे म्हणून पाचव्यावरच ताणत बसणाऱ्या चालकाचे पेट्रोल वाचत नाही आणि बेअरिंगवर मात्र भार पडतो.

रेशोचे चार पर्याय समोर येतात. मूळ गाडीइतकीच ओढ परत हवी असेल तर ३.०७ × ३१ ÷ २८.३, म्हणजे ३.३६ लागेल. या दोन्ही एक्सलसाठी सहज मिळणारा त्याच्यापुढचा रेशो ३.५५. तो लावला तर ताशी १०० ला पाचव्यात १८९० आणि पहिल्या गिअरचा आकडा १०.९. ३.७३ लावला तर १९८५ आणि १०.४. ४.१० लावला तर २१८२ आणि ९.५. ४.५६ लावला तर २४२७ आणि ८.५.

कागदावर ३.५५ पुरेसा वाटतो, कारण मूळपेक्षा साडेपाच टक्के जास्त ओढ मिळते. पण उचललेल्या गाडीला आणि रुंद टायरना लागणारा वाऱ्याचा अडथळा या गणितात नाही. या गाडीवर मागे सामान असते, चढ असतात, मग ४.१० हा योग्य निवाडा. ताशी १०० ला २२०० च्या आतले आरपीएम या इंजिनाला सोयीचे आहेत आणि क्लचची उष्णता मूळ गाडीपेक्षाही एकतृतीयांशाने कमी होते. ४.५६ इथे नको. पहिला गिअर इतका आखूड होईल की रिकामी गाडी दुसऱ्यावरच सोडावी लागेल. पाच गिअरच्या गाडीचे चार गिअर होतील. ३३ इंची टायरचा बेत पक्का असेल तर ४.५६ चा विचार वेगळा, पण मग मागची डाना ३५ ठेवायची नाही. तिचे क्राऊन, म्हणजे आतला मोठा दातेरी गिअर, ७.६ इंची आहे, एक्सल शाफ्ट बारीक आहेत आणि ३१ हीच तिच्यासाठी समजूतदार मर्यादा आहे.

निवड करताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे केज. क्राऊन ज्यावर बोल्टने बसते ते बीड, काही जण त्याला कॅरिअर म्हणतात. रेशो आखूड झाला, म्हणजे आकडा वाढला, की पिनियन (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) लहान होते, मग क्राऊनला पिनियनपर्यंत पोचवायला केजचा फ्लॅंज वेगळ्या जागी लागतो. डाना ३० मध्ये ३.५५ आणि त्याखालचे रेशो एका केजवर, ३.७३ आणि वरचे दुसऱ्यावर. डाना ३५ मध्ये ही रेघ आणखी खाली आहे, ३.३१ पर्यंत एक आणि ३.५४ पासून दुसरी. म्हणून ३.५५ निवडला तर पुढची केज वाचते, मागची बदलावीच लागते. ३.७३ किंवा ४.१० निवडला तर दोन्ही बदलाव्या लागतात, मजुरीही सारखीच. ज्याला दोन्ही केज बदलायच्याच आहेत त्याने ३.७३ वर थांबण्याला फार सबळ कारण लागते.

सुटे भाग मागवण्याआधी एक आडवाट तपासावी. याच मालिकेच्या २.५ लिटर, चार सिलिंडर, पाच गिअरच्या गाड्यांना कारखान्यातूनच ४.१० होता. अशा चार चाकी ओढीच्या कोमांचीचे दोन्ही एक्सल पूर्ण मिळाले तर क्राऊन-पिनियन जुळवण्याची सगळी कसरत टळते. बेअरिंग, सील आणि ब्रेक तेवढे नवे करावे लागतात. चेरोकी या याच मालिकेतल्या जीपचा मागचा एक्सल मात्र थेट बसत नाही. कोमांचीत स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या खालून जातात, चेरोकीत वरून, त्यामुळे पाट्यांची बैठक कापून नव्याने वेल्ड करावी लागते आणि ती करताना पिनियनचा कोनही पुन्हा ठरवावा लागतो. डोनर, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेल्या, एक्सलवरच्या पट्टीवर विसंबू नका. झाकण काढून क्राऊनचे आणि पिनियनचे दात मोजा: ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ४३ आणि १४ म्हणजे ३.०७.

नवे भाग मागवायचे तर यादी अशी होते: ४.१० चे दोन क्राऊन-पिनियन संच, दोन केज (दोन्हीकडे शाफ्टच्या २७ खाचांच्या, म्हणजे २७ स्प्लाइनच्या), दोन्हीकडचे संपूर्ण बेअरिंग-शिम-सील किट (शिम म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ पत्र्या), क्रश स्लीव्ह (पिनियनचा नट आवळताना चेपणारी नळी) प्रत्येकी एक जास्त, नवे पिनियन नट, पुढच्या हौसिंगमधले (एक्सलच्या कवचातले) आतले एक्सल सील, चार लिटर जीएल-५ गिअर ऑइल आणि स्पीडोमीटरचा नवा गिअर. सर्वांत महाग चूक पुढच्या संचात होते. या गाडीचा पुढचा डाना ३० हाय-पिनियन आहे, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या वर येते आणि दात उलट्या दिशेने कापलेले असतात. खोक्यावर नुसते 'डाना ३०, ४.१०' लिहिलेले असेल तर तो लो-पिनियनचा संच असू शकतो आणि तो या हौसिंगमध्ये बसतच नाही. मागच्या डाना ३५ चे सी-क्लिपवाले (शाफ्ट आतल्या टोकाला क्लिपने अडवलेले) आणि सी-क्लिप नसलेले असे दोन प्रकार आहेत, आणि १९९० हे साल अगदी त्या बदलाच्या काठावर. आधी झाकण उघडा, मग मागवा.

खोलणे सरळ आहे. पुढे ३६ मिलिमीटरचा शाफ्ट नट, नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) मागून १३ मिलिमीटरचे तीन बारा-कोनी बोल्ट, आणि हब शाफ्टसकट बाहेर येतो. गंजलेला हब हातोडीने ठोकून काढायला गेलात तर बेअरिंग गेले असे समजा. बोल्ट अर्धे सैल करून त्यांच्या डोक्यावर दाब देत देत तो ढिला होतो. सी-क्लिपवाल्या मागच्या एक्सलमध्ये क्रॉस पिन काढल्यावर पिनियन फिरवू नका, आतले छोटे गिअर निसटून पडतात. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी आणि वर-खाली अशी पंचने खूण करा. त्या कॅप हौसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात. अदलाबदल झाली तर बेअरिंग कधीच नीट बसणार नाही. जुन्या शिम कोणत्या जागेवरून आल्या, किती जाडीच्या होत्या आणि कोणत्या बाजूला होत्या, हे मायक्रोमीटरने मोजून कागदावर उतरवा. पिनियनमागची तेल-पत्रीही मोजा, कारण तिची जाडी पिनियनच्या खोलीत धरलेली असते. ती विसरून राहिली की पुढचे सगळे गणित तेवढ्याने चुकते.

पुढच्या हौसिंगमध्ये केज बाहेर असतानाच आतले सील बदलून घ्या. ते डिफरन्शियलच्या कुशीत बसतात, बाहेरून हात पोचत नाही. चाळीस मिनिटांचे काम टाळले तर सील गळल्यावर पुन्हा सगळी जुळवणी उघडावी लागते.

आता खरे काम. चार गोष्टी जुळवायच्या असतात: पिनियनची खोली, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब), बॅकलॅश (क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधला सैलपणा) आणि केज बेअरिंगचा प्रीलोड. एक हलवले की दुसरे हलते, म्हणून क्रम पाळावा लागतो.

खोली पहिली. जुन्या पिनियनची शिम जेवढी होती तेवढ्यापासूनच सुरुवात करायची. पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा छोटा आकडा कोरलेला असतो, तो हजारांश इंचात, वर्कशॉपच्या बोलीत थाऊमध्ये. अधिक असेल तर शिम तेवढी कमी, उणे असेल तर तेवढी जास्त. जुन्या पिनियनवर +१ आणि नव्यावर −२ असेल तर शिम तीन थाऊ वाढवून पहिली चाचणी घ्या. ही फक्त सुरुवात आहे, अंतिम उत्तर नाही. चाचण्यांसाठी जुन्या आतल्या बेअरिंगचे भोक आतून घासून सैल करून ठेवले की ते हाताने सरकते. नाहीतर दर चाचणीला नवे बेअरिंग प्रेसवर चढवायचे आणि पुलरने उतरवायचे, आणि तिसऱ्या वेळी त्याची जाळी वाकते. डाना ३० मध्ये केजच्या शिमही बेअरिंगच्या आत, केजला टेकून असतात, तिथेही हीच युक्ती. डाना ३५ मध्ये केजच्या शिम बेअरिंगच्या कपाबाहेर, हौसिंगला टेकून येतात, त्यामुळे मागचे काम निम्म्या वेळात होते. शिकाऊ हाताने आधी मागचा एक्सल करावा.

चाचणीच्या वेळी क्रश स्लीव्ह घालायची नाही. नुसता नट आवळून पिनियनला हलकासा प्रीलोड द्यायचा, केज बसवायची, कॅप आवळायच्या आणि डायल गेजने बॅकलॅश घ्यायचा. गेजचा पाय क्राऊनच्या दाताला काटकोनात आणि दाताच्या बाहेरच्या टोकाजवळ टेकलेला हवा; तिरपा टेकला तर आकडा खोटा येतो. हवा तो बॅकलॅश पाच ते आठ थाऊ, म्हणजे ०.१३ ते ०.२० मिलिमीटर. क्राऊनच्या घेरावर चार ठिकाणी मोजा. चार आकड्यांत दोन थाऊपेक्षा जास्त फरक आला तर क्राऊन केजवर सपाट बसलेले नाही. बहुतेक वेळा फ्लॅंजवर एखादा कच असतो किंवा बोल्टभोवती बारीक बर उठलेली असते. तेलदगडाने घासा, पुसा आणि पुन्हा बसवा. शिम एका बाजूकडून दहा थाऊ काढून दुसरीकडे घातली की बॅकलॅश साधारण सात थाऊने बदलतो. एवढे लक्षात ठेवले की अंदाजपंचे शिम बदलत बसावे लागत नाही.

मग पॅटर्न, म्हणजे दातांवर उमटणारा ठसा. क्राऊनच्या सलग चार-पाच दातांना पिवळा मार्किंग कंपाउंड लावा. थर रंगासारखा पातळ असावा, लोण्यासारखा नको. क्राऊनला लाकडाच्या ठोकळ्याने किंवा कापडाने थोडे अडवा, जेणेकरून दातांवर भार येईल, आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. भार न देता घेतलेला पॅटर्न नेहमीच सुंदर दिसतो आणि नेहमीच फसवतो. आता दाताकडे जवळून पाहा. जिथे पिनियन टेकले तिथला पिवळा रंग सरकून धातूचा चकचकीत ठसा उमटतो. तो ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध हवा. दाताच्या माथ्याकडे चढला असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, शिम वाढवा. दाताच्या मुळाशी खाली गेला असेल, आणि खालची कड धारदार रेघेसारखी दिसत असेल, तर पिनियन फार आत गेले आहे, शिम कमी करा. ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे आहे की बाहेरच्या, हे बहुतांशी बॅकलॅशचे काम. बॅकलॅश वाढवला की तो बाहेर सरकतो, कमी केला की आत. नव्या पद्धतीने कापलेल्या दातांत आत-बाहेर थोडे इकडेतिकडे चालते, उंचीत मात्र चालत नाही.

पहिल्या चाचणीनंतर शिम पाच थाऊने बदला, लहान पावलांनी नको. एकदा माथ्याकडे आणि एकदा मुळाकडे ठसा पाहिला की योग्य जागा त्या दोघांच्या मधे असते, मग दोन थाऊची पावले घ्या. ड्राइव्ह बाजू (इंजिन ओढताना टेकणारी) आणि कोस्ट बाजू (पाय काढल्यावर टेकणारी), दोन्हींचे ठसे पाहा. दोन्हीकडे उंची मधोमध यायला हवी. ड्राइव्ह बाजू छान आणि कोस्ट बाजू मुळाशी, अशी तडजोड चालवून घेतली की उतारावर पाय काढताच गुणगुण सुरू होते. या गाडीच्या पुढच्या एक्सलमध्ये उलट कापलेल्या दातांचा एक फायदा आहे: पुढे जाताना तो ड्राइव्ह बाजूवरच चालतो. लो-पिनियनचा पुढचा एक्सल कोस्ट बाजूवर चालतो, म्हणून तो तुलनेने कमजोर.

खोली ठरली की नवे बेअरिंग प्रेसवर चढवा आणि क्रश स्लीव्ह घाला. स्लीव्ह चेपायला सुरुवात होईपर्यंत नट भयंकर जड जातो. योकला (पिनियनच्या टोकाला शाफ्ट जोडतो त्या भागाला) लांब पट्टी बोल्ट करून ती जमिनीला टेकवली नाही तर पान्ह्याबरोबर सगळा एक्सल फिरतो. एकदा चेपू लागली की नट थोडाथोडाच फिरवा, प्रत्येक वेळी थांबून पिनियन हाताने दोन-तीन फेरे फिरवा आणि इंच-पाउंडाच्या छोट्या टॉर्क रेंचने फिरतानाचा भार वाचा. सुटतानाचा नाही, फिरतानाचा. नव्या बेअरिंगला १५ ते ३५ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते ४ न्यूटन-मीटर. हे वाचन केज आणि एक्सल शाफ्ट बाहेर असतानाच घ्यायचे. १२ वरून एका झटक्यात ४५ वर गेला तर नट सैल करून आकडा जुळवू नका. चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही; नट सैल केला तर बेअरिंग सैल होते आणि थोड्याच दिवसांत ते वाजायला लागते. नवी स्लीव्ह घाला. यादीत एक जास्त मागवली आहे ती यासाठीच.

क्राऊनचे बोल्ट नवे, दोन्ही बाजूंचे आटे धुऊन कोरडे, लाल थ्रेडलॉक, आणि समोरासमोर फिरत ९५ ते १२२ न्यूटन-मीटर. क्राऊन केजवर बोल्टने ओढून बसवू नका, आटे ताणतात. गरम पाण्यात बुडवून तापवले की ते सहज उतरते. बेअरिंग कॅप पुढे ६१ आणि मागे ७७ न्यूटन-मीटर. केजचा प्रीलोड बरोबर असेल तर केज हाताने आत जात नाही; तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत बसवावी लागते. हौसिंग स्प्रेडरने फाकवायची वेळ आली तर अर्ध्या मिलिमीटरपुढे नेऊ नका, बीड परत मूळ मापावर येत नाही. सगळे आवळल्यावर बॅकलॅश आणि पॅटर्न पुन्हा एकदा घ्या. चाचणीच्या बेअरिंगवरचा आणि नव्या बेअरिंगवरचा पॅटर्न क्वचित एक-दोन थाऊने वेगळा निघतो.

तेल पुढे १.४८ लिटर, मागे १.६६ लिटर. उरलेले जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा मोह होतो, तो टाळा. त्यातले गंधकाचे मिश्रण एएक्स-१५ च्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवत नाही. पुढचे झाकण लावण्याआधी व्हॅक्युमवर चालणारा डिसकनेक्ट पुढचा एक्सल शाफ्ट नीट जोडतो-तोडतो का, हेही पाहा. दोनपैकी एकच एक्सल पूर्ण झाला असेल तर गाडी रस्त्यावर न्यायला हरकत नाही, पण ट्रान्सफर केसचा दांडा दोन चाकांवरच राहू द्या. पुढे ३.०७ आणि मागे ४.१० असताना चार चाके जोडली तर ट्रान्सफर केसची साखळी, यू-जॉइंट किंवा टायर यांपैकी जे कमजोर असेल ते जाते.

पहिले ३० किलोमीटर ताशी ६०-७० ने, थ्रॉटल मऊ, मग अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्या. नव्या दातांचे पृष्ठभाग पहिल्यांदा एकमेकांवर घासताना कमालीचे तापतात आणि त्या तापात भार दिला तर त्यांचा कडकपणा कायमचा जातो. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर नेहमीसारखी चालवा, पण ८०० किलोमीटरपर्यंत ओढायला काही जोडू नका. मग तेल बदला. निघालेल्या तेलात राखाडी चमक असणे ठीक. बोटाला टोचणारे कण निघाले तर झाकण पुन्हा उघडा. पहिल्या फेरीनंतर पिनियनच्या नाकाजवळचे तापमान आणि हौसिंगच्या पोटाचे तापमान यांची तुलना करा. नाक खूपच जास्त तापले असेल तर पिनियनचा प्रीलोड जास्त झाला आहे.

आता स्पीडोमीटर. रेशो बदलण्याआधी तो ताशी १०० दाखवायचा तेव्हा गाडी जवळपास ११० ने पळत होती. आता उलट झाले. केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकातून निघते, म्हणजे तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. ४.१० ÷ ३.०७ × २८.३ ÷ ३१ म्हणजे १.२१९, खऱ्या १०० ला काटा १२२ वर जातो. केबलच्या टोकाच्या छोट्या प्लास्टिक गिअरचे दात त्याच प्रमाणात वाढवायचे. जुन्यावर २७ दात असतील तर २७ × १.२१९ म्हणजे ३३. इथे बरेच जण अडकतात. एनपी-२३१ मध्ये हा गिअर ज्या गोल नळीत बसतो ती मध्यातून सरकवलेली असते आणि तिच्यावर २६-३१, ३२-३८, ३९-४५ असे आकडे कोरलेले असतात. २७ वरून ३३ वर गेलात की ३२-३८ चा आकडा खाली येईल अशी नळी फिरवून बसवावी लागते. न फिरवता बसवली तर नवा गिअर मेन गिअरवर दाबला जातो आणि काही किलोमीटरांत त्याचे दात सोलून निघतात.

सगळे जुळवल्यावरही एक तक्रार हमखास येते: ताशी ८० च्या पुढे नवी थरथर. दोष क्राऊन-पिनियनला दिला जातो, पण शंभरातल्या बहुतेक वेळा तो प्रॉपेलर शाफ्टचा असतो. ताशी १०० ला हा शाफ्ट ३.०७ वर २०६९ फेरे घेत होता, ४.१० वर २७६३ घेतो. तीन इंच उचलल्यामुळे यू-जॉइंटचा कोन आधीच वाढलेला होता. जी थरथर पूर्वी ताशी ११० ला आली असती आणि चालकाने कधी पाहिलीच नाही, ती आता ८२ ला समोर येते. ओळखायचे कसे, तर त्या वेगाला न्यूट्रल करा. इंजिन सोडूनही थरथर त्याच वेगाला राहिली तर तो शाफ्ट किंवा टायर. मग मागच्या शाफ्टचा यू-जॉइंट, पिनियनचा कोन आणि बॅलन्स तपासा. टायरची थरथर त्याहून संथ असते, शाफ्टची झिणझिणी बसण्याखालून अंगात येते.

आवाजाचे निदान वेगळे. वेग वाढवताना गुणगुण आणि पाय काढला की शांत, किंवा उलट, म्हणजे पिनियनची खोली. दोन्ही वेळा सारखाच घरघराट म्हणजे बेअरिंग. थ्रॉटल देता-काढताना खट्ट असा आवाज म्हणजे बॅकलॅश. पण मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचा, यू-जॉइंटचा आणि स्लिप योकचा सैलपणा त्यातच मिळतो, म्हणून फक्त आवाजावरून झाकण उघडू नका, आधी योक हाताने हलवून किती फिरतो ते पाहा.

क्लच प्लेटचे मात्र स्वतंत्रपणे पाहावे लागते. ३.०७ वर मोठ्या टायरसकट महिनोन्महिने अर्ध्या क्लचवर चाललेली प्लेट चकचकीत झालेली असते आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडलेले असतात. रेशो बदलला म्हणून ती सुधारत नाही. चौथ्यावर ताशी ५० ला थ्रॉटल पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर गिअरबॉक्सही खाली उतरवावा लागणार. ते काम एक्सलबरोबरच केले असते तर शाफ्ट दोनदा काढावे लागले नसते.